सरकारी कंपनीकडे अडकलेलं बिल

प्रश्न : शिरोली एमआयडीसीत माझी लहान फाउंड्री आहे. साखर कारखान्यांची यंत्रं बनवणाऱ्या परराज्यातल्या एका सरकारी कंपनीला ऑगस्ट 2023 मध्ये ट्रॅश प्लेट आणि स्क्रॅपर (उसाच्या मिलचे ओतीव भाग) पुरवले. 18 लाख 40 हजार येणं आहे. ऑर्डरवर 60 दिवसांची मुदत होती. आधी ‘कारखान्याकडून पैसे आले की देऊ’ म्हणाले, गेल्या महिन्यात ‘काही कास्टिंग सदोष होती’ असं पत्र आलं. सरकारी कंपनीवर दावा लागत नाही, असं तिथले अधिकारी सांगतात. लघुउद्योग म्हणून माझी उद्यम नोंदणी 2021 ची आहे. काय करावं?

उत्तर : तुमचं पत्र वाचून मला पहिली काळजी वाटली ती तारखेची. बिल थकल्याला सप्टेंबर-ऑक्टोबर 2026 मध्ये तीन वर्षं भरतात आणि दावा तेवढ्याच मुदतीत करावा लागतो. लवादात मुदतीचा कायदा लागू होतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्ये स्पष्ट केलं आहे. म्हणून फोनाफोनी पुरे, आता अर्ज करा. दरम्यान कंपनीने येणं बाकी असल्याचं सही-शिक्क्याचं पत्र दिलं, तर त्या तारखेपासून मुदत नव्याने मोजली जाते. पण ते पत्र तीन वर्षांच्या आतलंच हवं.

‘सरकारी कंपनीवर दावा लागत नाही’ हे साफ चुकीचं आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 80 ची दोन महिन्यांची नोटीस शासनाविरुद्धच्या दाव्याला लागते. कंपनीचे सगळे शेअर सरकारकडे असले, तरी कायद्याच्या नजरेत ती वेगळी व्यक्ती आहे आणि तुमच्यासाठी ती केवळ खरेदीदार आहे.

तुमचा रस्ता सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा, 2006 मधून जातो. करारात काहीही लिहिलं असलं तरी 45 दिवसांपलीकडची मुदत चालत नाही, म्हणजे तुमच्या ऑर्डरवरचे 60 दिवस गळाले. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने. बँक दर 6 टक्के धरला तर 18 टक्के होतात. साखर कारखान्याने त्यांना पैसे दिले की नाही, याचा या देण्याशी संबंध नाही. तुमचा करार कंपनीशी आहे.

सदोष कास्टिंगच्या पत्राने घाबरू नका. मालाबद्दलची हरकत पोहोचल्यापासून 15 दिवसांत लेखी घ्यावी लागते, नाहीतर माल स्वीकारला असं धरलं जातं. तुमच्या प्लेट मिलमध्ये बसल्या असतील, तर त्यानंतर गळीत हंगामही उलटून गेले. इतक्या उशिराची तक्रार कुणाला पटेल? गेटवरची इनवर्ड पावती, ई-वे बिल, त्यांचा तपासणी अहवाल आणि त्यांनी जीएसटीचं क्रेडिट घेतल्याची नोंद, हे सगळं जमवा.

आणि हा अहवाल ते देत नसतील तर इथेच त्यांचं सरकारी असणं तुमच्या उपयोगी पडतं! अशी कंपनी माहिती अधिकार कायद्याखाली येते. दहा रुपये शुल्क भरून तपासणी अहवाल, माल स्वीकारल्याची नोंद आणि तुमच्या बिलावरच्या टिपण्या मागा. उत्तराला 30 दिवसांची मुदत असते. शिवाय लहान पुरवठादारांची थकबाकी वार्षिक हिशेबात दाखवणं 2006 च्या लघुउद्योग कायद्याच्या कलम 22 ने बंधनकारक आहे. तो हिशेब मिळवून पाहा. खासगी कंपनीकडून एवढे कागद निघणं कठीण असतं.

याच कायद्याच्या कलम 18 खालचा अर्ज सूक्ष्म व लघु उद्योग सुलभीकरण परिषदेकडे, म्हणजे थकलेल्या बिलांचे वाद सोडवणाऱ्या मंडळाकडे, ऑनलाइन करता येतो. पुरवठादार जिथला, तिथल्या परिषदेला अधिकार असतो, त्यामुळे तुम्हाला परराज्यात खेटे घालावे लागणार नाहीत. आधी समेट, तो फिसकटला तर लवाद. कायद्यात 90 दिवस लिहिलेत, पण प्रत्यक्षात जास्त लागतात हे मनाशी धरून चला. ऑर्डरमध्ये त्यांच्या शहरातल्या लवादाचं कलम असलं तरी अडत नाही, सर्वोच्च न्यायालयाच्या 2022 च्या महाकाली फूड्स निकालाने हा वाद मिटवला आहे. करारावेळी पुरवठादाराची नोंदणी असायला हवी, हेही त्याच निकालात आहे आणि तुमची 2021 ची आहे. निवाडा तुमच्या बाजूने लागला, तर आव्हान देण्याआधी कंपनीला 75 टक्के रक्कम भरावी लागेल.

दिवाळखोरी न्यायाधिकरणाची धमकी कुणी सुचवली तर ऐकू नका. तिथे थकबाकी किमान 1 कोटीची लागते.

समेटात ते बहुधा मुद्दल देतो, व्याज सोडा म्हणतील. कारखाना चालता ठेवायला रोख हवी असेल, तर थोडं व्याज सोडण्यात मला काही गैर वाटत नाही. पण रक्कम खात्यात पडेपर्यंत ‘संपूर्ण हिशेब मिटला’ अशा कागदावर सही करू नका.