ध्वनिशंका : मिक्सरवरील स्टीरिओ चॅनेल

या वेळच्या पत्रांपैकी चार पत्रे ध्वनिमिक्सरच्या (माइक, वाद्ये यांचे आवाज एकत्र करणाऱ्या यंत्राच्या) उजव्या बाजूला असलेल्या, ‘५/६’, ‘७/८’ असे जोडअंक छापलेल्या, म्हणजे डावी व उजवी अशा दोन बाजू एकत्र घेणाऱ्या स्टीरिओ चॅनेलशी या ना त्या प्रकारे संबंधित आहेत, म्हणून त्यांची उत्तरे एकत्र देत आहोत.

प्रश्न : शाळेच्या स्नेहसंमेलनात नृत्यासाठी लॅपटॉपवरून गाणी लावली. लॅपटॉपच्या हेडफोनच्या जागेतून काढलेली केबल मिक्सरच्या तिसऱ्या चॅनेलला जोडली होती. वाद्ये ऐकू येत होती, पण गायिकेचा आवाज जवळजवळ नाहीसा झाला. त्याच लॅपटॉपला हेडफोन लावला की गाणे व्यवस्थित ऐकू येते. बिघाड कशात आहे? (एक शिक्षिका, सातारा जिल्हा)

उत्तर : बिघाड कशातच नाही, केबल चुकीच्या जागी लावली गेली, एवढेच. मिक्सरमध्ये जाणारी पिन हातात घेऊन पाहा. तिच्यावर दोन काळ्या रेघा दिसत असतील, तर ती स्टीरिओ पिन आहे आणि तिचे टोक, मधले कडे व मागचा दांडा असे तीन भाग आहेत. लॅपटॉप गाण्याची डावी बाजू टोकावर आणि उजवी बाजू मधल्या कड्यावर पाठवतो, तर दांडा दोन्हींसाठी सामाईक असतो. तिसरे चॅनेल मात्र मोनो, म्हणजे एकाच आवाजाचे आहे आणि त्याचे लाइन इनपुट (माइकखेरीज इतर उपकरणांसाठीची जागा) बॅलन्स्ड पद्धतीचे आहे, म्हणजे टोकावर जे येते त्यातून कड्यावर आलेले वजा करून उरेल तेवढेच ते पुढे पाठवते. लांब केबलमध्ये शिरणारी घरघर दोन्ही तारांवर सारखीच येते आणि वजाबाकीत नाहीशी होते, यासाठी ही योजना आहे. गाण्यांच्या ध्वनिमुद्रणात गायकाचा आवाज बहुधा मधोमध, म्हणजे डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना सारखाच ठेवलेला असतो. साहजिकच घरघरीबरोबर गायिकाही वजा झाली, आणि कडेला ठेवलेली वाद्ये व आवाजाभोवतीची घुमार तेवढी उरली. खात्री करायची असेल, तर त्याच जोडणीवर एखादे जुने मोनो ध्वनिमुद्रण लावून पाहा. त्याच्या दोन्ही बाजू एकसारख्या असल्यामुळे सगळे गाणेच जवळपास गप्प होईल.

यासाठी एका टोकाला साडेतीन मिलिमीटरची स्टीरिओ पिन आणि दुसऱ्या टोकाला दोन मोठ्या मोनो पिना असलेली ‘वाय’ केबल घ्यावी आणि त्या दोन पिना ‘५/६’च्या डाव्या व उजव्या जॅकमध्ये लावाव्यात. मोनो पिनेवर एकच काळी रेघ असते, त्यामुळे दुकानातच ओळखता येते. त्या चॅनेलजवळ ‘+४’ आणि ‘-१०’ असे बटण असेल, तर लॅपटॉप किंवा मोबाइलसाठी ते ‘-१०’वर ठेवावे, व्यावसायिक यंत्रांची पातळी सुमारे १.२३ व्होल्ट धरलेली असते, घरगुती उपकरणांची सुमारे ०.३२ व्होल्ट. हीच स्टीरिओ केबल एक्सएलआर पिन (माइकच्या केबलची तीन काट्यांची गोल पिन) जोडून माइकच्या जागेत लावण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मुळीच मानू नये. तिथेही हीच वजाबाकी होते, आणि ४८ व्होल्टचा फॅंटम पुरवठा (काही माइकना मिक्सरकडून केबलमधूनच मिळणारी वीज) चालू असल्यास तो थेट लॅपटॉपच्या आउटपुटवर जाऊन त्याचे नुकसान करू शकतो. अनेक लहान मिक्सरवर फॅंटमचे बटण सर्व माइकसाठी एकच असते, हेही ध्यानात ठेवावे.

प्रश्न : आमच्या वाद्यवृंदात कीबोर्ड ‘७/८’वर दोन केबलने येतो. त्या चॅनेलचे पॅन डावीकडे फिरवले की पियानोचे वरचे सूर बारीक होतात. मोनो चॅनेलवर असे होत नाही. (वाद्यवृंद संयोजक, नाशिक)

उत्तर : मोनो चॅनेलवर त्या बटणाला पॅन म्हणतात, ते एकच आवाज डाव्या आणि उजव्या बाजूंत वाटते. स्टीरिओ चॅनेलवर त्याच जागी, दिसायला तसेच, पण बॅलन्सचे बटण असते. ते डावीकडे फिरवल्याने उजवीकडचा आवाज डावीकडे सरकत नाही, फक्त कमी होतो, आणि अगदी टोकाला नेल्यास पूर्ण बंद होतो. अनेक कीबोर्डांतील स्टीरिओ पियानोमध्ये खर्जाच्या पट्ट्या डावीकडे आणि तारसप्तकाच्या उजवीकडे झुकत्या ठेवलेल्या असतात. वरचे सूर गेले ते त्यामुळे. हे बटण मध्यावर ठेवावे आणि दोन बाजूंच्या पातळीत फरक असेल तेव्हाच हलवावे.

मुळात दोन केबल हव्यात का, हा प्रश्न आम्ही आधी विचारू. मंगल कार्यालयात किंवा मैदानावर दोन स्पीकर एकमेकांपासून खूप लांब उभे असतात आणि निम्म्या श्रोत्यांना मुख्यतः एकच ऐकू येतो. अशा ठिकाणी मोनो बरा. कीबोर्डच्या ‘लेफ्ट/मोनो’ लिहिलेल्या जागेतून एकच केबल काढून ती मिक्सरच्याही ‘लेफ्ट/मोनो’ जॅकमध्ये लावावी. उजवा जॅक रिकामा असला, तर डाव्या जॅकमधला आवाज आतून दोन्ही बाजूंना पोचवला जातो. चुकून उजव्याच जॅकमध्ये पिन लावली, तर हे घडत नाही आणि आवाज एकाच स्पीकरवर येतो. कार्यक्रम सुरू व्हायला पाच मिनिटे असताना ‘डावा बॉक्स गेला’ असा ओरडा होतो, त्यातले बरेच बॉक्स याच कारणाने ‘गेलेले’ असतात.

प्रश्न : तबला आणि डग्गा यांचे दोन माइक कन्व्हर्टर लावून एका स्टीरिओ चॅनेलवर घेतले तर दोन मोनो चॅनेल वाचतील का? (भजनी मंडळ, सिंधुदुर्ग)

उत्तर : वाचतील, पण आवाज येणार नाही. माइकमधून निघणारा संकेत काही मिलिव्होल्टचा असतो आणि तो वापरण्याजोगा करण्यासाठी बहुधा ४० ते ६० डेसिबल वाढवावा लागतो. ते काम माइक प्रीअँपचे, म्हणजे माइकचा संकेत वाढवणाऱ्या भागाचे. लहान मिक्सरवरील बऱ्याच स्टीरिओ चॅनेलना तो नसतो, आणि त्यांचा गेन (संकेत आत येताना वाढवण्याची सोय) सहसा २० डेसिबलच्या आसपास संपतो. कन्व्हर्टरने पिनेचा आकार बदलतो, ताकद नाही. काही मिक्सरवर स्टीरिओ चॅनेललाही एक माइकची जागा असते, पण तीही एकाच माइकपुरती. शिवाय स्टीरिओ चॅनेलवर दोन्ही बाजूंना मिळून एकच गेन, एकच फेडर (आवाज कमी-जास्त करणारी सरकपट्टी) आणि एकच टोन असतो. डग्ग्याची घुमार आवरायला खालचा टोन कमी करावा, तर तो तबल्याचाही कमी होतो. माइक मोनो चॅनेलवरच घ्यावेत. इलेक्ट्रॉनिक तानपुरा किंवा मोबाइलवरचा लेहरा माइकच्या चॅनेलवर जागा अडवून बसला असेल, तर त्याला खुशाल ‘७/८’वर पाठवावे.

प्रश्न : कीबोर्ड रंगमंचावर, मिक्सर प्रेक्षागृहाच्या शेवटी. स्टीरिओ चॅनेलपर्यंत केबल ओढली की घरघर येते. (हौशी नाट्यसंस्था, चिपळूण)

उत्तर : कीबोर्डमधून येणारा संकेत बहुधा अनबॅलन्स्ड, म्हणजे घरघर वजा करण्याची सोय नसलेला असतो, अशी केबल पाच-सहा मीटरपर्यंत चालते, पुढे धोका वाढतो. कीबोर्डजवळच दोन डीआय बॉक्स (असा संकेत बॅलन्स्ड करून माइकच्या केबलवर देणाऱ्या पेट्या) ठेवावेत, तिथून माइकच्या नेहमीच्या केबलने दोन मोनो चॅनेलवर यावे, एकाचे पॅन पूर्ण डावीकडे आणि दुसऱ्याचे पूर्ण उजवीकडे ठेवावे. दोन्ही चॅनेलचा गेन मात्र कानाने नव्हे, पीएफएल (फेडरच्या आधीची पातळी दाखवणारे बटण) दाबून मीटरवर जुळवावा, आणि त्यासाठी वादकाला दोन्ही बाजूंना सारखा येणारा एखादा मधला सूर धरून ठेवायला सांगावे. फेडर आणि मॉनिटरचे ऑक्स (रंगमंचावरील स्पीकरकडे किती आवाज जावा ते ठरवणारी बटणे) यापुढे जोडीनेच हलवावे लागतील. डिजिटल मिक्सरवर दोन चॅनेल लिंक केली की हे आपोआप होते. एवढे करूनही घरघर राहिली, तर डीआयवरील ग्राउंड लिफ्टचे (केबलमधली जमिनीची जोडणी तोडणारे) बटण दाबून पाहावे. कीबोर्डच्या किंवा लॅपटॉपच्या अडॅप्टरची अर्थिंगची पिन काढून घरघर घालवण्याची पद्धत काही ठिकाणी दिसते. ती जिवावर बेतू शकते, म्हणून कोणत्याही परिस्थितीत वापरू नये.