दाढ काढायची आहे. हाडांच्या ठिसूळपणासाठी आठवड्याला घेत असलेली अ‍ॅलेन्ड्रोनेटची गोळी आधी बंद करावी का?

नाही, स्वतःहून बंद करू नका. बहुतेक वेळा गोळी चालू ठेवूनच दाढ काढता येते. हे औषध हाडात जाऊन बसतं आणि तिथे वर्षानुवर्षं राहतं, त्यामुळे दोन-चार आठवडे खंड पाडून जबड्यातलं प्रमाण फारसं उतरत नाही. भीती आहे ती जबड्याचं हाड उघडं पडून निर्जीव होण्याची. २००३ पासून हा त्रास नोंदवला गेला आहे, पण ठिसूळपणासाठी देतात त्या मात्रेत त्याचं प्रमाण दहा हजारांत साधारण २ ते ५ इतकंच. आणि खरं सांगायचं तर हिरडीखाली पू धरलेली दाढ तशीच ठेवणं हेच अनेकदा जास्त धोक्याचं असतं.

डेंटिस्टला औषधाचं नाव, किती वर्षं चालू आहे आणि सोबत स्टेरॉइड आहे का, हे आधी सांगा. दाढ काढताना हाडाच्या टोकदार कडा घासून घ्याव्या लागतात, जमेल तिथे हिरडी टाक्याने मिटवतात. खड्डा भरेपर्यंत तपासणीला जात राहा. ८ आठवड्यांनंतरही हाड दिसत असेल तर मुखशल्यचिकित्सक गाठा.

कॅन्सरसाठी झोलेड्रोनिक अ‍ॅसिड (याच गटातलं औषध) शिरेतून चालू असेल तर हे उत्तर लागू नाही. तिथे धोका कित्येक पट जास्त. डेनोसुमॅब या ठिसूळपणावरच्या दुसऱ्या औषधाचंही गणित वेगळं: दर सहा महिन्यांनी घ्यायचं त्याचं इंजेक्शन लांबलं तर मणके पिचू शकतात, म्हणून दाढेची तारीख दोन डोसांच्या मध्ये बसवतात.