जुन्या याशिका डी कॅमेऱ्यातला आरसा फुटलाय, काचवाल्याकडून साधा आरसा कापून बसवला तर चालेल का?

तुमचा प्रश्न असा की आजोबांचा याशिका डी माळ्यावर सापडला, वरचं झाकण उघडून आत बघितलं तर आरशाला मधोमध तडा आणि एका कोपऱ्याचा तुकडाच गायब, आणि गल्लीतला फोटो फ्रेमवाला म्हणतोय की त्याच मापाचा आरसा पाच मिनिटात कापून देतो. तर सरळ सांगतो, नका घेऊ. मी घेतला होता. आरसा अगदी फिट बसला, वरून चित्र पण दिसत होतं, मी खूश, आणि मग बारा फोटोंचा अख्खा रोल धुऊन आला तर एकाही माणसाचे डोळे शार्प नाहीत, मागची झाडं मात्र कशी छान आलेली. आधी लेन्सला दोष दिला, मग लॅबवाल्याला, शेवटी कळलं की घोळ माझ्या आरशाचा होता.

आधी एक दिलासा देतो. या कॅमेऱ्याला दोन लेन्स असतात, फोटो खालच्या लेन्सने निघतो. आरसा आहे वरच्या लेन्सच्या मागे, पंचेचाळीस अंशात तिरका, आणि त्याचं काम एवढंच की समोरचं चित्र वळवून वरच्या घासलेल्या काचेवर (फोकसिंग काच) टाकायचं, म्हणजे तुम्हाला मान खाली घालून बघता येतं (डावं-उजवं उलटं दिसतं ते यामुळेच). त्यामुळे आरसा फुटला म्हणून फोटोवर तडा येणार नाही, कॅमेरा बाद झाला असं तर अजिबात नाही.

आता साधा आरसा का नको. घरातल्या आरशाचा पारा काचेच्या मागच्या बाजूला असतो, उजेड काचेतून आत जातो, पाऱ्यावर आपटतो आणि परत काचेतून बाहेर येतो, शिवाय काचेचा पुढचा पृष्ठभाग पण थोडा उजेड परतवतो, म्हणून एकावर एक दोन चित्रं पडतात, एक ठळक आणि एक पुसट. दाढी करताना हे कोणाच्या लक्षात येत नाही पण फोकसिंग काचेवर भिंग लावून बघताना कडा दुहेरी दिसतात आणि डोकं उठतं. कॅमेऱ्यातल्या आरशाचा थर पुढच्या बाजूला असतो, त्याला फ्रंट सरफेस मिरर म्हणतात. ओळखायचं कसं, तर पेन्सिलीचं टोक आरशाला हलकेच टेकवा (कडेला, मधे नाही, ओरखडा पडतो), साध्या आरशात टोक आणि त्याचं प्रतिबिंब यांच्यामध्ये फट दिसते, फ्रंट सरफेस असेल तर टोकाला टोक भिडतं.

पण त्याहून मोठी भानगड जाडीची आहे आणि हे कोणी सांगत नाही. वरची आणि खालची लेन्स एकाच पाटीवर बसवलेल्या असतात, फोकसचा नॉब फिरवला की दोन्ही एकत्र पुढे-मागे होतात, म्हणजे वर काचेवर शार्प तर खाली फिल्मवर शार्प, असा सगळा हिशोब. आता आरसा मागच्या बाजूने टेकून बसत असेल आणि नवीन आरसा जुन्यापेक्षा अर्धा मिलीमीटर जाड असेल, तर परावर्तन करणारा पृष्ठभाग अर्धा मिमी पुढे येतो आणि तिरका असल्यामुळे चित्र जिथे शार्प पडायला हवं ती जागा साधारण ०.७ मिमी वर सरकते. ०.७ मिमी म्हणजे काय, असं वाटेल. ८० मिमी लेन्सला याचा अर्थ असा की वरून लांबचा डोंगर एकदम कडक शार्प दिसतोय आणि फिल्मवर फोकस मात्र नऊएक मीटरवर आहे. एफ १६ ला (लेन्सचं भोक म्हणजे अॅपर्चर लहान) खपून जाईल, एफ ३.५ ला (भोक पूर्ण उघडं) अजिबात नाही. माझ्या साध्या आरशात तर पारा मागे, म्हणजे उलट्या दिशेने चूक, म्हणून माणसं गेली आणि मागची झाडं आली.

म्हणून फुटलेले तुकडे फेकू नका!! कॅमेऱ्यातून काढले की सगळ्यात मोठ्या तुकड्याची जाडी व्हर्नियर कॅलिपरने मोजा, दोन-तीन जागी, आणि तुकडे जुळवून कार्डबोर्डवर आकार काढून घ्या. आरसा चौकोनी नसतो, खालची म्हणजे लेन्सकडची बाजू अरुंद आणि वरची रुंद असते, फ्रेमवाल्यांना हे सांगूनही ते चौकोनच कापतात.

आरसा कुठून आणायचा? सगळ्यात बरं म्हणजे त्याच मॉडेलचा मेलेला कॅमेरा, शटर गेलेला, लेन्सला बुरशी आलेला, असे आपल्याकडे पावसाळ्याच्या कृपेने भरपूर आहेत, पुण्याचा जुना बाजार नाहीतर मुंबईचा चोरबाजार, घासाघीस करायची तयारी ठेवा. दुसरं म्हणजे ऑनलाइन फ्रंट सरफेस मिरर मापात कापून मिळतो, जाडी लिहिलेली असेल तरच घ्या. जुन्या डबा टाइप पोलरॉइडमध्येही (लगेच छापील फोटो देणारा कॅमेरा) चांगला मोठा आरसा असतो. स्कॅनर फोडून आरसा काढा असा सल्ला कोणीतरी देईलच, मी त्या नादात एक चालू स्कॅनर फोडला, आतल्या पट्ट्या इतक्या अरुंद निघाल्या की कशालाच उपयोग नाही. बायको अजून त्या स्कॅनरबद्दल विचारते.

उघडायचं काम तसं सोपं आहे. वरचा हूड (ज्यातून मान खाली घालून बघतो तो उघडणारा डबा) चार छोट्या स्क्रूंवर असतो, ते काढले की हूड उचलून येतो. जपानी स्क्रूचं डोकं आपल्या फिलिप्सपेक्षा जरा वेगळं असतं, त्यासाठी जेआयएस (जपानी मापाचा) पेचकस मिळतो, नाहीतर घाईत खाच घासून बसाल आणि मग रडाल. त्याखाली फोकसिंगची काच. ती काढायच्या आधी मोबाइलवर फोटो काढा, कुठली बाजू वर, कुठली खाली, खाली अजून काही काच किंवा प्लास्टिक आहे का ते सगळं, कारण उलटी बसली तर परत फोकसची बोंब. मग आरसा दिसेल, माझ्यात तो पत्र्याच्या क्लिपांमध्ये होता, तुमच्यात चिकटवलेला असेल तर जोर लावू नका, कडेने हळूहळू सोडवा. तुकडे चिमट्याने काढा, मग कॅमेरा उलटा धरून हलकेच टिचक्या मारा आणि ब्लोअर (हवा मारायचा रबरी फुगा) मारा, तोंडाने फुंकू नका, काचेचा चुरा डोळ्यात जातो. तो गायब कोपरा पण आतच कुठेतरी असणार, शोधल्याशिवाय बंद करू नका.

आरसा स्वतः कापणार असाल तर थर असलेली बाजू वर ठेवून काच कापायच्या हिऱ्याने एकाच दमात रेघ मारा, दुसऱ्यांदा त्याच रेघेवर फिरवू नका. आधी साध्या काचेवर दहा वेळा प्रॅक्टिस. कडा घासायच्या तर पाण्याखाली वॉटर पेपरने. आणि त्या पुढच्या थराला बोट लावू नका, रुमाल तर नाहीच, धूळ असली तर ब्लोअर, बस.

बसवल्यावर तपासणी, ही टाळू नका, मी पहिल्या वेळी टाळली होती. मागचं झाकण उघडा, फिल्म जिथे टेकते त्या आतल्या रुळांवर एक छोटी सपाट काच ठेवा, तिला दुधी चिकटपट्टी लावा, पट्टीची बाजू लेन्सकडे. शटर बी वर (बटण दाबलेलं असेपर्यंत उघडं राहतं ती खूण) ठेवून केबल रिलीजने (बटण दाबून ठेवायची वायर) उघडं धरा, अॅपर्चर पूर्ण उघडं. आता लांबची पाण्याची टाकी किंवा टॉवर वरून फोकस करा आणि मागून भिंगाने बघा, दोन्हीकडे शार्प आहे का, मग तेच एक मीटरवर वर्तमानपत्र लावून करा. जुळत नसेल तर घाबरू नका, कागदाने काम होतं. साध्या झेरॉक्सच्या कागदाची जाडी ०.१ मिमीच्या आसपास असते. आरसा पातळ असेल तर आरशाच्या मागे कडेला कागदाच्या पट्ट्या, जाड असेल तर फोकसिंग काचेच्या खाली चारही बाजूंनी सारख्या पट्ट्या, एकेक वाढवत बघायचं. मला तीन लागल्या, अख्खा रविवार गेला पण त्यानंतर आलेला रोल बघून वाटलं की वसूल.

आरसा मिळेपर्यंत कॅमेरा कपाटात ठेवायची गरज नाही. नॉबवर अंतराचे आकडे आहेतच, टेप नाहीतर पावलांनी अंतर मोजा, आकडा लावा, एफ ११ ठेवा, भर उन्हात मस्त फोटो येतात, फ्रेम अंदाजाने. फक्त रोल भरायच्या आधी शटर एक सेकंदावर लावून चार-पाच वेळा मारून बघा, पात्या अर्ध्यात अडकत असतील किंवा खूप वेळ उघड्या राहत असतील तर आधी तो इलाज करा, आरसा नंतर बघू.