कोकणातल्या झाडपाल्यातून फिटवरचं नवं औषध निघू शकतं का? सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही एम.फार्म.ला आहात, लांजा तालुक्यातल्या तुमच्या गावचे एक आजोबा फेफऱ्यावर पाल्याची पुडी देतात, तिने तुमच्या चुलत बहिणीच्या फिट थांबल्या आणि तिने दवाखान्याच्या गोळ्या सोडल्या. त्या पाल्यावर प्रोजेक्ट घ्यावा का, असा तुमचा प्रश्न. मी सिंधुदुर्गात एका फार्मसी कॉलेजात फार्माकोग्नॉसी (वनौषधींचं शास्त्र) शिकवतो. माझं म्हणणं: जरूर घ्या, पण पाल्याच्या आधी पुडी तपासा.

पुडीचा अर्क टीएलसी प्लेटवर (मिश्रणातली द्रव्यं वेगळी करून दाखवणाऱ्या पातळ थराच्या पट्टीवर) फिनोबार्बिटोन आणि फेनिटॉइनच्या शुद्ध नमुन्यांशेजारी लावून बघा. फिटवर 'आयुर्वेदिक' म्हणून विकलेल्या औषधांत हीच ॲलोपॅथीची औषधं मिसळलेली आपल्या देशात सापडली आहेत. आजोबा लबाड आहेत असं नाही. बाजारातून तयार चूर्ण आणून त्यात स्वतःचा पाला घालत असतील, तर त्यांनाही पत्ता नसेल. फिनोबार्बिटोन १९१२ पासून वापरात आहे, स्वस्त आहे आणि फिट खरोखरच थांबवतं. मग गुण येणारच. बहिणीला लगेच डॉक्टरांकडे न्या, पण त्यांना विचारल्याशिवाय पुडीही एकदम तोडू नका. तिच्यात फिनोबार्बिटोन असेल तर ते अचानक बंद झाल्यावर लागोपाठ फिट येतात आणि जिवावर बेततं. जाताना पुडी बरोबर घ्या.

पुडीत भेसळ नाही असं दिसलं, तर मग झाड. आजोबांबरोबर स्वतः रानात जा, फुलाफळासकट फांदी आणा, वनस्पतिशास्त्रज्ञाकडून ओळख पटवा आणि हर्बेरियम शीट (कागदावर चिकटवलेला वाळवलेला नमुना) करून कॉलेजात जपून ठेवा. सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या पठारावरच्या, कितीतरी वनस्पती पावसात उगवतात आणि दिवाळीपर्यंत वाळून जातात, तेव्हा हे काम मे महिन्यात होत नाही. नुसत्या गावठी नावावर विसंबू नका. ब्राह्मी म्हणून कुणी बाकोपा देतो, कुणी सेंटेला. दोन्हींची कुळं वेगळी, रसायनं वेगळी.

आणि झाडपाला म्हणजे अपाय नाही, हा समज इथेच सोडा. काजरा तुमच्या गावातही असेल. त्याच्या बीमधलं स्ट्रिक्निन मज्जारज्जूत स्नायूंना आवर घालणारा ग्लायसिनचा संदेश अडवतं, आणि माणूस शुद्धीवर असताना त्याला झटके येतात. मासे गुंगवायला वापरतात त्या काकमारीच्या फळात पिक्रोटॉक्सिन असतं. ते मेंदूला शांत ठेवणाऱ्या 'गाबा' या द्रव्याचं काम बंद पाडतं. कापूर तर घरोघरी. बुडापेस्टच्या मेदुना नावाच्या डॉक्टरने १९३४ साली मनोरुग्णांना मुद्दाम झटके आणण्यासाठी कापूरच टोचला होता. आपल्याकडे फिट आल्यावर कांदा हुंगवतात, चप्पल हुंगवतात, त्याने निदान अपाय तरी होत नाही. पण लहान मुलाच्या पोटात कापूर गेला तर फिट येऊ शकते. मला विचाराल तर फिट थांबवणाऱ्या वनस्पतींपेक्षा फिट आणणाऱ्या वनस्पतींनीच या शास्त्राला जास्त शिकवलंय. पिक्रोटॉक्सिन आजही प्रयोगशाळेत रोजच्या वापरातलं आहे.

आता चाचणी. मेरिट आणि पुटनम यांनी १९३७-३८ मध्ये मांजरांना विजेचे झटके देऊन फेनिटॉइनचा गुण शोधला. त्याच धर्तीची विजेच्या झटक्याची चाचणी आजही उंदरांवर होते. दुसरी, पेंटिलीनटेट्राझोल टोचून फिट आणण्याची. या दोन्हींत तुमचा अर्क पास झाला तरी लगेच पेढे वाटू नका. अर्काने उंदीर पेंगला असेल तर त्याची फिट उशिरा येईल किंवा कमी दिसेल, आणि तुम्ही लिहाल 'झटकेरोधी गुण आढळला'. असे पेपर पोत्याने पडले आहेत. त्याच डोसला उंदीर फिरत्या दांडीवर तोल सांभाळतो का, ही रोटारॉड चाचणी सोबत हवीच. उलट, चाचणीत नापास म्हणजे औषध निरुपयोगी असंही नाही. लेव्हेटिरासिटाम हे औषध या दोन्ही नेहमीच्या चाचण्यांत जवळपास निष्प्रभ ठरलं होतं, आणि आज फिटच्या कितीतरी चिठ्ठ्यांवर तेच दिसतं.

कंट्रोल गटाचं (तुलनेसाठी ठेवलेल्या, औषध न दिलेल्या गटाचं) महत्त्व वर्गात पटत नाही, म्हणून मी दरवर्षी फिटवरच्या व्हॅल्प्रोइक आम्लाची गोष्ट सांगतो. व्हॅलेरियनच्या मुळात व्हॅलेरिक आम्ल असतं. त्याच्या नात्यातलं हे आम्ल बर्टन नावाच्या रसायनज्ञाने १८८२ साली बनवलं. पुढे कित्येक वर्षं त्याचा उपयोग एवढाच, की त्यात इतर पदार्थ विरघळतात. १९६२ मध्ये फ्रान्समधल्या ग्रनोबलला पिएर एमार हा विद्यार्थी खेलिनपासून बनवलेली संयुगं तपासत होता. खेलिन हे बडीशेपेच्या कुळातल्या एका वनस्पतीतलं द्रव्य. संयुगं पाण्यात विरघळेनात, म्हणून व्हॅल्प्रोइक आम्लात विरघळवली. बघतो तर प्रत्येक संयुग फिट थांबवतंय! तेव्हा उलगडा झाला की करामत संयुगांची नाही, द्रावकाची. १९६७ साली फ्रान्समध्ये ते औषध म्हणून बाजारात आलं, आणि आज जगात सगळीकडे वापरतात. एमारचं नशीब की त्याच्या द्रावकात खरोखर औषध होतं. तुमचा द्रावक डीएमएसओ किंवा अल्कोहोल असेल, तेव्हा नुसत्या द्रावकाचा गट ठेवाच.

तुमच्या बजेटला झेब्राफिश बरा. मूळचा आपल्याच उपखंडातला मासा. त्याच्या इवल्याशा पिल्लांना पेंटिलीनटेट्राझोलच्या पाण्यात सोडलं की ती गरगरतात, आणि अर्क मिलिग्रॅममध्ये पुरतो. बेल्जियममधल्या ल्युवेनच्या गटाने २०१२ साली हळदीच्या तेलातली टर्मेरोनसारखी द्रव्यं याच पद्धतीने वेगळी काढली आणि पुढे उंदरांवरही तपासली. गंमत म्हणजे गुण तेलात मिळाला, आणि आपण सगळे हळदीच्या पिवळ्या रंगद्रव्याच्या, कर्क्युमिनच्या, मागे, जे पोटातून रक्तात नीट पोचतही नाही. मेंदूच्या दाराशी तर आणखी कडक पहारा. साखरेचे रेणू जोडलेले मोठे सॅपोनिन तिथून सहसा आत जात नाहीत. म्हणून अर्काचे हेक्झेन, इथाइल ॲसिटेट, मेथेनॉल असे भाग पाडाल तेव्हा तेलकट भाग फेकू नका.

वनस्पतीतून थेट आलेलं यश म्हणाल तर गांजाच्या झाडातलं कॅनाबिडिऑल. कलकत्त्यात ओ'शॉनेसी या डॉक्टरने १८३९ च्या सुमारास झटके येणाऱ्या तान्ह्या बाळाला गांजाचा अर्क दिल्याची नोंद आहे. कॅनाबिडिऑलची रचना मेशुलम या रसायनज्ञाने १९६३ मध्ये उलगडली, आणि अमेरिकेत औषध म्हणून मान्यता मिळाली ती २०१८ मध्ये. ड्रॅव्हे सिंड्रोम या लहानपणीच सुरू होणाऱ्या फिटच्या गंभीर आजाराच्या १२० मुलामुलींच्या चाचणीत महिन्याच्या झटक्यांचा मध्यक १२.४ वरून ५.९ वर आला. नुसतं सोंगाचं औषध घेणाऱ्यांत तो १४.९ वरून १४.१ झाला. हे यश खरंच मोठं आहे. पण मुलं आधीची औषधं घेतच होती, डोस वजनाच्या दर किलोला २० मिलिग्रॅम रोज, आणि यकृतावर लक्ष ठेवावं लागतं. महाशिवरात्रीच्या भांगेशी याचा संबंध जोडू नका.

आणखी एक विषय सुचवतो. मला तो नव्या रेणूपेक्षा जास्त मोलाचा वाटतो, पण विद्यार्थ्यांना फिका वाटतो. गावात पाला घेणारे बरेच रोगी गोळ्याही घेत असतात. मुंबईच्या डॉक्टरांनी १९९२ साली दाखवलं की शंखपुष्पीचं औषध घेणाऱ्या दोन रुग्णांच्या रक्तातलं फेनिटॉइन उतरलं आणि फिट परत आल्या. मिऱ्यातलं पायपरिन उलट करतं, फेनिटॉइनची पातळी चढवतं. आजोबांचा पाला गोळीची पातळी चढवतो की उतरवतो, एवढं जरी उंदरांत मोजलंत तरी तुमच्या तालुक्यातल्या डॉक्टरांना त्याचा उद्या उपयोग होईल.

शेवटी कागदपत्रं. ग्रामपंचायतीच्या जैवविविधता समितीकडे लोकजैवविविधता नोंदवही असते. त्यात आजोबांचं ज्ञान त्यांच्या संमतीने आणि त्यांच्या नावावर नोंदवून घ्या. पेटंटच्या वाटेवर चेन्नईचं राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरण लागतंच. आणि निकाल लागण्याआधी झाडाचं नाव-ठिकाण इंटरनेटवर टाकू नका; इथेही नाही टाकलंत ते बरं केलंत. सह्याद्रीतल्या नरक्यात कर्करोगावरच्या औषधांचं मूळ द्रव्य, कॅम्पटोथेसिन, आहे हे कळल्यावर त्याची बेसुमार तोड झाली, तस्करीही झाली.

उद्या गाइडला एवढं विचारा: कॉलेजच्या प्राणीगृहाची नोंदणी चालू आहे का, आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांना मंजुरी देणाऱ्या नीती समितीची पुढची बैठक कधी. समितीची मंजुरी यायला महिने जातात. तोवर टीएलसी आणि हर्बेरियम उरकून घ्या.