पावसाळ्यात प्राइमर खरखरीत होतोय

प्रश्न: वॉरहॅमर या टेबलटॉप गेममधल्या स्पेस मरीन्सना (छोट्या सैनिकांच्या मूर्तींना) स्प्रे प्राइमर, म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा थर, मारतोय, पण जुलैपासून फिनिश एकदम खरखरीत येतंय आणि वर रंग दिला की चेहऱ्याचे डिटेल्सच बुजतात. काय करू? – एक वाचक, ठाणे

उत्तर: हवेत दमटपणा असला की स्प्रे असाच बसतो, आणि कॅन लांब धरला तर थेंब हवेतच वाळून पावडरसारखे चिकटतात, त्यामुळे २०-२५ सेंमीवरून छोटे छोटे फवारे मारायचे, पण खरं सांगू का, पावसाळाभर स्प्रे बाजूलाच ठेवा. वालेहो या रंगांच्या कंपनीचा ब्रशने लावायचा प्राइमर मिळतो, तो पातळ थरात लावा आणि रात्रभर वाळू द्या. बिघडलेले मरीन्स टाकू नका हां, प्लास्टिकचे असतील तर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये थोडा वेळ बुडवून जुन्या टूथब्रशने घासले की ॲक्रिलिक रंग निघून येतो (हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा, गॅसजवळ अजिबात नको). रेझिनचे असतील तर आधी कोपऱ्यावर टेस्ट करा. आणि रंग डब्यातून थेट लावू नका, पाणी घालून दुधाइतका पातळ करा, दोन कोट द्या. चेहऱ्याला शेवटी तपकिरी वॉश (खोबणीत उतरणारा पातळ रंग) दिला की डोळ्यांच्या खोबणी आपोआप उठून दिसतात.