कोकणात घर, जमीन, आंबा असताना माणसं मुंबईला का जातात?

तुम्ही लिहिलंय की राजापूरकडे फिरायला गेलात, निम्मी घरं कुलूपबंद दिसली, आणि एवढा निसर्ग टाकून ही माणसं मुंबईत दहा बाय दहात कशाला राहतात, असा प्रश्न पडला. निसर्गावर पेज शिजत नाही हो.

आमची भातजमीन २३ गुंठे, तीही सहा तुकड्यांत. खाणारी तोंडं १७. पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो आणि कातळावरून सरळ खाडीला जातो. एप्रिलात विहिरीचा तळ दिसतो. एकदा भात झोडून झालं की हात रिकामे. आंब्याचं म्हणाल तर मोठ्या बागा मोजक्यांच्या, आणि त्या राखायलाही आता नेपाळी गडी असतात.

वडील लालबागला गिरणीत होते. राहायला गावकीचा गाळा, म्हणजे गाववाल्यांची सामाईक खोली. एका खोलीत वीस-बावीस बाप्ये, सगळे आमच्याच पंचक्रोशीतले. रात्रपाळीवाला सकाळी आला की दिवसपाळीवाल्याच्या जागेवर आपली वळकटी सोडायचा. भिंतीला एक खुंटी आणि खाली एक ट्रंक, एवढाच एकेकाचा संसार. आजी, आई, आम्ही भावंडं गावाला, आणि महिन्याला मनिऑर्डर. माणूस गेला होता, पण घर जागेवर होतं.

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. मे महिन्यात वडील ट्रंक घेऊन गावी आले. मी दहा वर्षांचा, मला तर दिवाळीच. पण पेरणीच्या तोंडावर थोरल्या काकांनी त्यांना पडवीत बसवून विचारलं, "तू आता हितंच ऱ्हाणार काय?" वडील काही बोलले नाहीत. काका माणूस म्हणून वाईट नव्हते. पण त्या २३ गुंठ्यांचं गणित वडील मुंबईत आहेत असं धरूनच बसवलेलं होतं. घराची कौलं वडलांच्या पैशाची, नांगर मात्र काकांनी धरलेला. ट्रंक पावसाळाभर पडवीतच राहिली, झडीनं तळाला गंजली. दसऱ्यानंतर तीच डोक्यावर घेऊन वडील परत गेले आणि एका सोसायटीत वॉचमन लागले. संप तर रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही.

गिरण्या चालू होत्या तोवर गाव भरलेलं होतं. त्या बंद पडल्या आणि मग गाव ओस पडलं, हे कुणी लक्षातच घेत नाही. गिरणीच्या पगारात गावची चूल पेटायची. वॉचमनच्या पगारात दोन चुली कशा पेटणार? मग बायकापोरांना बोलवून घ्यायचं, आणि लालबागात बिऱ्हाड परवडत नाही म्हणून नालासोपारा, दिवा, बदलापूर. १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली तेव्हा सगळे म्हणायचे, आता माणसं परत येतील. आली, गणपतीपुरती. २००१ ला रत्नागिरी जिल्ह्यात १६.९७ लाख लोक होते, २०११ ला १६.१५ लाख. सिंधुदुर्गही घटला. २०११ ला रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ बायका होत्या. पुरुष कुठे गेले ते संध्याकाळच्या विरार लोकलमध्ये बघा.

तरी माझा चुलतभाऊ दर गणपतीत आरती झाली की सुरू करतो, "तुम्हा मुंबयवाल्यांनी गाव ओस पाडलात." त्याचा स्वतःचा मुलगा दोन वर्षं आमच्याकडे नालासोपाऱ्याला राहून नोकरी करतोय, तो विषय निघत नाही.

हे सगळं आमच्या वाडीपुरतं. दापोली-खेडकडची बरीच मुसलमान मंडळी आखातात गेली, सावंतवाडी-वेंगुर्ल्याच्या पोरांना गोवा जवळ पडतो. त्यांच्या तऱ्हा वेगळ्या.

आणि उद्या तुम्हाला कोकणात जागा घेऊन राहायची हौस आली तर समुद्र किती जवळ आहे ते नंतर बघा, आधी सातबारा काढा. आमच्यावर ४१ नावं आहेत, त्यातली ११ वारलेल्यांची. वडलांचं त्यातच. माझ्या नावाची नोंद लागेना आणि वाटपाला सगळे एकत्र येईनात, मग मी घर बांधू कुठे? चुलतभाऊ हे वाचत असेल तर त्याच्यासाठी लिहितो: सहीला मी कधीही यायला तयार आहे. तारीख तू कळव, रजा मी काढतो.