डेमियन राइसचा पहिला अल्बम पूर्ण ऐकावा का, आणि लाइव्हमध्ये एवढं काय आहे?

तुम्ही विचारलंय की 'क्लोजर' सिनेमातलं गाणं आवडलं, मग त्याच आयरिश गायकाचा पहिला अल्बम 'ओ' सगळा ऐकावा का, आणि लोक त्याच्या लाइव्हचं इतकं कौतुक का करतात. अल्बम सगळा ऐकाच, आणि लाइव्ह तर ऐकाच ऐका, कारण माझ्या मते 'ओ'मधली बरीच गाणी रेकॉर्डिंगवर नुसती सुरू होतात आणि पुरी होतात ती स्टेजवर.

आधी थोडं मागचं सांगते, त्याशिवाय हा अल्बम असा का वाजतो ते कळत नाही. डेमियन राइस किल्डेअर काउंटीतल्या सेलब्रिजचा. नव्वदच्या दशकात तो ज्युनिपर नावाच्या रॉक बँडमध्ये गायचा, त्यांना पॉलीग्रॅमसारख्या मोठ्या कंपनीचं काँट्रॅक्टपण मिळालं होतं. पण कंपनीला पाहिजे तसं गात बसायला तो वैतागला आणि सगळं सोडून सरळ इटलीत टस्कनीला गेला, तिथे काही दिवस शेतीत राहिला, मग युरोपभर रस्त्यावर गिटार घेऊन गात फिरला. बाकीच्या पोरांनी बेल एक्सवन हा बँड काढला, तोही आयर्लंडमध्ये चांगलाच चालला. 'व्होल्कॅनो' हे गाणं त्यांच्या २००० सालच्या पहिल्या अल्बमवरही आहे, दोन्ही लागोपाठ ऐकून बघा, एकच गाणं दोन घरात कसं वेगळं वाढतं ते लगेच कळतं.

परत आल्यावर त्याने डेमो दिला डेव्हिड अर्नोल्डला, म्हणजे जेम्स बाँडच्या सिनेमांना म्युझिक देणारा तोच, लांबचा भाऊ लागतो त्याचा. त्याने रेकॉर्डिंगचं सामान मिळवून दिलं आणि मग मोठा स्टुडिओ नाही, डोक्यावर कंपनी नाही, असा हा अल्बम झाला आणि फेब्रुवारी २००२ मध्ये आयर्लंडमध्ये त्याच्या स्वतःच्या लेबलवर आला. पुढच्या वर्षी अमेरिकेत शॉर्टलिस्ट म्युझिक प्राइझ मिळालं आणि २००४ मध्ये 'क्लोजर' आला तेव्हा 'द ब्लोअर्स डॉटर' जगभर पोचलं. अल्बम अर्पण केलाय मिक क्रिस्टोफरला, तोही डब्लिनमध्ये रस्त्यावर गाणाऱ्यांपैकी, ह्यांचा मित्र, नोव्हेंबर २००१ मध्ये टूरवर असताना पडून वारला बिचारा. त्याचीही गाणी शोधा, फार गोड माणूस होता गाण्यात.

आता ऐकायचं कसं. हेडफोन लावून, रात्री, क्रमाने, शफल अजिबात नको. आवाज सगळा जवळून येतो, 'डेलिकेट'मध्ये श्वाससुद्धा ऐकू येतो. आणि दोन माणसांकडे नीट कान द्या, एक व्हिव्हियन लाँगचा चेलो, म्हणजे मोठ्या व्हायोलिनसारखं वाद्य, आणि दुसरी लिसा हॅनिगन. अल्बमवर नाव एकट्या डेमियनचं आहे पण लिसाचा आवाज काढला तर हा अल्बम उरतच नाही असं मला मनापासून वाटतं. 'कोल्ड वॉटर' ऐका, 'आय रिमेम्बर' ऐका, त्यात पहिला अर्धा भाग ती एकटी अगदी हळू गाते आणि मग तो असा घुसतो की आधीचं सगळं मोडून टाकतो. 'चिअर्स डार्लिन' मला आधी नुसतं दारूड्याचं बरळणं वाटायचं, लाइव्ह बघितल्यावर आवडायला लागलं. आणि शेवटी 'एस्किमो' संपलं की बंद करू नका, मूळ सीडीवर त्याच ट्रॅकमध्ये पुढे लपवलेली दोन गाणी आहेत, त्यातलं 'सायलेंट नाइट' लिसा गाते, चाल नाताळची पण शब्द वेगळेच.

लाइव्हचं सांगते. युरोपात नोकरीला होते तेव्हा त्याचा एक सोलो शो बघायला मिळाला. स्टेजवर बँड नाही, एक माणूस, एक जुनी झिजलेली गिटार आणि पायाशी पेडल, वाजवलेलं पकडून परत परत ऐकवणारं. 'आय रिमेम्बर'चे दोन्ही भाग तो एकटाच गायला, आधी इतकं हळू की शेजारच्याच्या जॅकेटची चेन वाजली तरी त्रास होत होता, मग पेडल दाबून आवाज पकडायचा, त्यावर दुसरा चढवायचा, गिटार फाटक्या आवाजात ओरडायला लागली आणि तो माइकपासून मागे सरकून किंचाळतोय, हे कितीतरी वेळ. अल्बमवरचा तो भाग ऐकून ह्याची कल्पनाच येत नाही. 'व्होल्कॅनो'ला त्याने लोकांचे तीन गट केले, प्रत्येकाला एक ओळ शिकवली आणि तिन्ही एकदम गायला लावल्या, तेव्हा कळलं की हे गाणं मुळातच एकमेकांवर चढणाऱ्या आवाजांचं आहे. 'चिअर्स डार्लिन'ला टेबल, वाइनची बाटली, प्रेक्षकांमधून एकीला वर बोलावलं आणि दोघं पीत पीत तो गोष्ट सांगत गेला, त्यातूनच गाणं कधी सुरू झालं कळलंच नाही. एखादं गाणं तर माइक सोडून, वायर काढून, स्टेजच्या अगदी कडेला येऊन म्हटलं आणि भरलेला हॉल कान देऊन बसलेला.

तिकीट काढणं प्रत्येकाला जमेल असं नाही, पण लंडनच्या युनियन चॅपलमधलं लाइव्ह रेकॉर्डिंग मिळतं, तिथून सुरू करा, चर्चमधला तो घुमणारा आवाज ह्या गाण्यांना फार शोभतो. लिसा २००७ मध्ये त्याच्या बँडमधून बाहेर पडली, त्यामुळे त्याआधीचे व्हिडिओ आणि नंतरचे सोलो असे दोन्ही बघा, नुसता एकच काळ बघून मत बनवू नका. मला विचाराल तर दोघं एकत्र असतानाचं 'द ब्लोअर्स डॉटर' जास्त जिव्हारी लागतं, सोलोमध्ये मात्र 'आय रिमेम्बर' वरचढ.

आणि 'ओ' ऐकून झाला की लगेच त्याच्या दुसऱ्या अल्बमवर उडी मारायच्या आधी लिसाचा स्वतःचा पहिला अल्बम ऐका, 'सी सो', २००८ चा, मर्क्युरी प्राइझ ह्या ब्रिटिश म्युझिक पुरस्काराच्या यादीत होता. त्यातलं 'आय डोन्ट नो' आधी लावा.